पक्षाघात आणि मेंदूंतील गुठळी

एकाएकीं तोंड वाकडें झालें, बोलणें अडखळलें, एका बाजूचा हात लुळा पडला, कीं पूर्वीं घरांतील माणसें दैवावर हवाला ठेवून बसत. वैद्यांपाशींही शुश्रूषेपलीकडे देण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें.

पक्षाघाताचे प्रकार मुख्यतः दोन. एकांत मेंदूंतील रक्तवाहिनी फुटते; दुसऱ्यांत ती गुठळीनें बुजते. प्रस्तुत विचार दुसऱ्याचा आहे, व बहुसंख्य रोगी याच प्रकारांत मोडतात. धमनी बुजली म्हणजे तिच्यावर पोसला जाणारा सगळाच भाग तत्काळ मरत नाहीं. मध्यभाग मरतो, भोंवतालचा भाग शेजारच्या वाहिन्यांतून झिरपणाऱ्या रक्तावर कांहीं काळ तग धरतो. इलाज करावयाचा तो या भागासाठीं. मोठी धमनी बुजली असतां दर मिनिटास सुमारें १९ लक्ष मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ सालीं मांडला गेला.

गुठळी विरघळविणाऱ्या औषधाची उपयुक्तता १९९५ सालीं सिद्ध झाली. परंतु तें सामान्यतः साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें, आणि मोठ्या धमनींतील लांब गुठळीपुढें पुष्कळदां हात टेकतें. म्हणून जांघेंतील धमनींतून लवचीक नळी मेंदूपर्यंत चढवावयाची, बारीक तारेची जाळी गुठळींत उघडावयाची व गुठळीसह ओढून घ्यावयाची, ही युक्ति निघाली. विहिरींत पडलेली घागर गळ टाकून काढावी, तसाच हा प्रकार.

मात्र २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या तीन चांचण्यांत या युक्तीचा कांहींच लाभ दिसला नाहीं. साधनें बहुतेक जुनीं होतीं. शिवाय तींपैकीं दोन चांचण्यांत मोठी धमनी खरोखर बुजली आहे कीं नाहीं, हें प्रत्येक रोग्यांत आधीं पाहिलेलें नव्हतें. घागरच नाहीं अशा विहिरींत गळ टाकून काय निघणार?

नेदर्लंड्समधील १६ रुग्णालयांनीं ही चूक टाळली. आधीं अडथळा चित्रांत पाहून ५०० रोगी निवडले व सहा तासांच्या आंत उपचार आरंभिला. २०१५ च्या आरंभीं निष्कर्ष छापला गेला : तीन महिन्यांनीं आपलें आपण करूं शकणारे रोगी नेहमींच्या उपचारानें शेंकडा १९·१, गुठळी काढण्याची जोड दिल्यानें ३२·६. पांच चांचण्यांतील १२८७ रोग्यांचा एकत्र विचार २०१६ सालीं झाला, तेव्हां हेच आंकडे २६·५ व ४६ असे आले.

भय होतें तें रक्तस्रावाचें. तो दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच, शेंकडा ४·३ व ४·४, आढळला. तरी हा उपाय निर्धोक नव्हे. धमनीस छिद्र पडूं शकतें, आणि गुठळीचा तुकडा सुटून दुसरीच धमनी बुजूं शकते. डच चांचणींत अशा नव्या जागीं पक्षाघात शेंकडा ५·६ जणांस झाला, इतर गटांत केवळ ०·४. मृत्यूंच्या संख्येंतही निश्चित घट दिसली नाहीं. लाभ आहे तो मुख्यतः अपंगत्व कमी होण्याचा.

ज्यांचा मृत भाग लहान व वांचण्याजोगा भाग मोठा आहे, अशा निवडक रोग्यांस सहा ते चोवीस तासांपर्यंतही लाभ होतो, असें २०१८ च्या जानेवारींत छापलेल्या चांचणीनें दाखविलें : शेंकडा १३ विरुद्ध ४९. घरच्यांनीं मात्र चोवीस तास हातीं आहेत असें समजूं नये. ही निवड चित्र पाहूनच होते. रक्तवाहिनी फुटली कीं बुजली हेंही चित्रावांचून कळत नाहीं, म्हणून ॲस्पिरिनची गोळी घरीं देणें धोक्याचें. गिळण्याची शक्ति गेली असल्यास पाण्याचा घोटही फुप्फुसांत जातो. रुग्णालयांत प्रथम विचारतात तें एवढेंच, कीं रोगी शेवटीं धडधाकट केव्हां दिसला. सकाळीं उठतांना हात लुळा आढळला, तर ती वेळ रात्रीं निजण्यापूर्वींची धरतात.