पक्षाघातासारखा दिसणारा मेंदूज्वर

बोलताना शब्द अडखळणे, मनगटावरचे घड्याळ ओळखूनही त्याचे नाव न सुचणे किंवा एका अंगातली शक्ती जाणे, अशी लक्षणे दिसताच घरातील माणसांना लकव्याची शंका येते आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या ४.५ तासांतच द्यावे लागत असल्याने त्यांची धावपळ योग्यच असते. मात्र हीच लक्षणे हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूच्या मेंदूज्वरातही, म्हणजे मेंदूच्या ऊतींनाच सूज आणणाऱ्या संसर्गातही, दिसू शकतात. एरवी ओठांवर फोड आणणारा हा विषाणू बहुधा कानशिलाच्या आत असलेल्या शंखखंडावर हल्ला करतो, आणि भाषा व स्मृती यांची केंद्रे तिथेच असल्यामुळे रुग्णाची वाचा बिघडते.

फरक सापडतो तो हकिकतीत. पक्षाघात बहुतेक वेळा अचानक येतो आणि त्याची वेळ नातेवाइकांना सांगता येते. मेंदूज्वरात आधी काही दिवस ताप व डोकेदुखी असते, माणूस विचित्र वागू लागतो, तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारतो, नसलेले वास त्याला येतात किंवा त्याला फिट येते. तरीही ताप सौम्य असू शकतो आणि सुरुवातीचा सी.टी. स्कॅन दोन्ही आजारांत निर्दोष येऊ शकतो, म्हणून एमआरआय आणि पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर तपासणी आवश्यक ठरते. पहिल्या काही दिवसांत हीदेखील फसवी नकारार्थी येऊ शकते, हे विशेष ध्यानात ठेवायला हवे.

त्यामुळे दाट शंका असताना अहवालाची वाट न पाहता शिरेतून ॲसायक्लोव्हिर सुरू करणे हाच शहाणपणा होय. उपचाराविना या आजारात सुमारे ७० टक्के रुग्ण दगावत. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे औषध मिळालेल्यांतील मृत्यूंचे प्रमाण २८ टक्के होते. ते दर आठ तासांनी, दोन ते तीन आठवडे आणि मूत्रपिंडे जपण्यासाठी पुरेशा सलाईनसह द्यावे लागते.

क्षयरोगाच्या मेंदूआवरणदाहात गुंता आणखी वाढतो, कारण तिथे मेंदूच्या तळाशी साचलेल्या दाहामुळे धमन्या अरुंद होऊन खराच पक्षाघात होतो. अशा रुग्णाचा लकवा तेवढा पाहिला आणि महिनाभराचा ताप व घटलेले वजन विचारलेच नाही, तर क्षयावरची औषधे लांबतात आणि पुढची धमनी बंद होण्याचा धोका तसाच राहतो.