दशावतार हातांत घ्यावे

चित्र म्हटलें कीं तें भिंतीवर टांगलेलें असावें व आपण दोन हात दूर राहून पाहावें, असा आजचा शिष्टसंप्रदाय आहे. परंतु आपल्या महाराष्ट्रांत असेंहि एक चित्रकर्म आहे कीं, तें केवळ पाहण्याकरितां नव्हे, तर खेळण्याकरितां निर्माण झालें. सावंतवाडीच्या गंजिफा हें तें चित्रकर्म होय. मोती तलावाच्या काठच्या राजवाड्यांत स्थानिक कलावंत गंजिफा रंगवीत बसलेले आजहि पाहावयास मिळतात; तयार झालेले संचहि तेथेंच मांडलेले असतात. सुटींत कोंकणांत उतरणाऱ्या वाचकांनीं हें दालन चुकवूं नये, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

गंजिफा म्हणजे वाटोळे पत्ते. शब्द फारशी, खेळहि मोगलांच्या आश्रयानें इकडे वाढला. बाबरानें इ. स. १५२७ मध्यें सिंधच्या अधिपतीस गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. मोगली गंजिफांत आठ रंग व ९६ पानें असत. आपल्याकडील कल्पक मंडळींनीं या परक्या खेळाला श्रीविष्णूचे दशावतार अर्पण केले. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगांत राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानें. म्हणजे एकूण १२० पानें. राजाच्या जागीं साक्षात् अवतार विराजमान झाला. परकें तें स्वीकारून आपलेंसें करण्याचें याहून गोड उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

चित्रकाराची खरी लीला मात्र राजाच्या पानांत नसून साध्या पानांत दिसते. मत्स्याच्या रंगांत मासे, कूर्माच्या रंगांत कासवें, परशुरामाच्या रंगांत परशु. तळहातावर मावेल एवढ्या वाटोळ्या पानांत दहा मासे बसवावयाचे, ते दाटीवाटीनें कोंबल्यासारखे दिसूं द्यावयाचे नाहींत, आणि दृष्टिक्षेपांत मोजतां तर आले पाहिजेत! तांबड्या, पिवळ्या, हिरव्या भूमीवर बारीक कुंचल्यानें साधलेली ही रचना पाहिली म्हणजे गणित आणि कला यांचें वैर नाहीं, हें पटतें.

खेळाचे नियमहि मोठे मौजेचे आहेत. पांच रंगांत दश्शी श्रेष्ठ, तर उरलेल्या पांचांत क्रम उलटा होऊन एक्का श्रेष्ठ. तिघांनीं बसावें, प्रत्येकास ४० पानें यावीं. दिवसा ज्याच्या हातीं राम असेल त्यानें डावास आरंभ करावा, रात्रीं ज्याच्या हातीं कृष्ण असेल त्यानें. रामजन्म मध्यान्हीचा व कृष्णजन्म मध्यरात्रीचा, हें ध्यानीं आणिलें म्हणजे या योजनेचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं.

छापील बावन पानांचे स्वस्त पत्ते आले आणि गंजिफा मागें पडल्या. सावंतवाडीस ही विद्या जाणणारे हात जवळजवळ संपत आले होते. अशा वेळीं, इ. स. १९७० नंतरच्या दशकांत, तेथील श्रीमंत शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनीं वृद्ध चिताऱ्यापाशीं बसून ती स्वतः शिकून घेतली व राजवाड्यांतच कारागिरांस कामास लाविलें. विद्या वांचली ती अशी.

परंतु ती पुरती वांचली काय? आज गंजिफा विकत घेणारे पुष्कळजण त्या चौकटींत घालून भिंतीवर लावितात. रंग टिकतात, पण खेळ मरतो. वीणा कांचेच्या कपाटांत ठेवून संगीत जगत नाहीं, तसेंच हें आहे. खेळणारा नाहींसा झाला कीं, दहा मासे मोजतां येतील असे कां काढावयाचे, हें चिताऱ्यालाहि सांगतां येणार नाहीं. मग उरेल ती केवळ नक्कल.

पत्त्यांचें नांव काढतांच कांहीं घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळास आंठ्या पडतात, हें आम्ही जाणतों. पण द्यूत निंद्य ठरतें तें पणामुळें, पानांमुळें नव्हे. पैसा न लावतां खेळलेल्या या डावांत १२० पानांचें स्मरण ठेवावें लागतें, आणि दशावतारांचा क्रम मुलांच्या तोंडीं छडीवांचून बसतो. अध्यापनांत उभें आयुष्य घालविलेल्या माणसास याहून अधिक काय हवें?

हातानें रंगविलेल्या संचाचें मोल अर्थातच अधिक पडतें. १२० चित्रांचे श्रम त्यांत आहेत. ज्यांस शक्य आहे त्यांनीं तो अवश्य घ्यावा, आणि घेतल्यावर तो खेळावा. ज्यांस शक्य नाहीं त्यांनीं मे महिन्याच्या सुटींत घरींच जाड पुठ्ठ्याच्या १२० चकत्या कापाव्या, वाटी उलटी ठेवून वर्तुळें आंखावीं व रंगपेटी मुलांच्या स्वाधीन करावी. मासे थोडे वांकडे आले तरी चालतील. ते दहा असले पाहिजेत, एवढेंच मात्र आजोबांनीं पाहावें.