पंचवीस सेकंदांची शाळा

टीव्हीवर तरंगणारे अंतराळवीर दिसले की घरातलं एखादं पोर हमखास विचारतं, "आई, ही माणसं खाली का पडत नाहीत?" बहुतेक घरांत त्याला एकच उत्तर मिळतं, "अरे, तिथे गुरुत्वाकर्षण नसतं ना!" पोराचं समाधान होतं, आईच्या पोळ्या पुढे सुरू होतात. पण मैत्रिणींनो, हे उत्तर खरं नाही बरं का!

अंतराळ स्थानक फिरतं आपल्यापासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर. तिथेही पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ ९० टक्के असते. मग माणसं तरंगतात कशी? तर ती पडतच असतात! स्थानक आणि त्यातली माणसं, सगळं एकदम पडत असतं. मात्र पुढे जाण्याचा वेग एवढा प्रचंड असतो, की गोल पृथ्वीची जमीनही त्यांच्याखालून तितकीच वळत जाते आणि ती जमिनीला कधी टेकत नाहीत. पायाखालची जमीनही आपल्याबरोबरच पडत असेल, तर वजन जाणवायचं कुठून?

आता हे नुसतं तोंडाने सांगून मुलांना पटणं कठीण. मुलांनाच काय, मोठ्यांनाही पटत नाही. अमेरिकेत मात्र हे स्वतः अनुभवून पाहण्याची सोय झाली, आणि तीही रॉकेटशिवाय, साध्या विमानातून.

चेंडू तिरपा वर फेकला की तो कमान करून खाली येतो. विमानाने हुबेहूब त्याच वाटेने जायचं, एवढीच यातली युक्ती. आधी विमान नाक वर करून जोरात चढतं. त्या वेळी आतल्या माणसांचं वजन पावणेदोन-दोन पट होतं. म्हणजे ५० किलोच्या बाईला आपण ९० किलोच्या झाल्यासारखं वाटतं, हात उचलणंही जड जातं. मग वैमानिक इंजिनांचा जोर कमी करतो आणि विमान फेकलेल्या चेंडूसारखं कमानीवरून जाऊ लागतं. त्या क्षणापासून आतली माणसं तरंगू लागतात. लक्षात ठेवा, विमान अजून वरच जात असतं, तरीही! पुढे कमानीच्या माथ्यावरून ते खाली येतं. ही सारी गंमत साधारण २० ते २५ सेकंदांची. "पाय खाली!" असा इशारा मिळतो आणि सगळे जमिनीकडे पाय करतात, कारण वजन परत येताना डोकं खाली असेल तर टाळकंच आपटायचं! अशा ३०-४० कमानी एका उड्डाणात होतात. पोटात ढवळून येतं, खिशात पिशवी बाळगावी लागते. 'नासा'च्या या विमानाला लोकांनी 'व्हॉमिट कॉमेट', म्हणजे 'ओकारीचा धूमकेतू' असं नावच ठेवलं होतं. कमान थोडी पसरट केली, तर चंद्रावरच्याइतकं, म्हणजे एक षष्ठांश वजनही अनुभवता येतं.

१९९० नंतरच्या दशकात 'नासा'ने या विमानाचं दार कॉलेजच्या विद्यार्थ्यांना उघडून दिलं. अट एकच, प्रयोग तुम्ही सुचवायचा, तुम्हीच बांधायचा आणि तुम्हीच वर जाऊन करायचा. मुलंमुली कित्येक महिने खपत. पाणी, वाळू, फेस, ज्योत वजनाशिवाय कशी वागतात, असे त्यांचे प्रश्न. तेही आपल्या रोजच्या कामातलेच की! निरांजनाची ज्योत वर निमुळती का होते? गरम हवा हलकी होऊन वर चढते म्हणून. वजनच नसेल तर वर आणि खाली हा भेदच उरत नाही, आणि ज्योत गोल, निळसर होते. उकळत्या पाण्यातले बुडबुडेसुद्धा वर यायचं विसरतात.

ह्यूस्टनला पोचल्यावर प्रयोगाच्या पेटीची कसून तपासणी होई. एखादी चक्री सैल राहिली, तर ती विमानात भिरभिरायची. टोकदार कोपऱ्यांवर मऊ अस्तर हवं, पेटी जमिनीला घट्ट आवळलेली हवी. एवढं सगळं करून एका उड्डाणात वजनरहित वेळ मिळे जेमतेम बारा-तेरा मिनिटं, तोही तुकड्यातुकड्यांनी! आणि परत आल्यावर आणखी एक काम असे. आपण काय केलं ते शाळांत जाऊन मुलांना सांगायचं.

पुढे शाळेतल्या शिक्षकांनाही ही संधी मिळाली. प्रयोग वर्गातल्या मुलांनी ठरवायचा आणि विमानात बाईंनी किंवा सरांनी जायचं. २००६ पासून काही वर्षं नॉर्थ्रॉप ग्रुमन फाउंडेशननेही विज्ञान आणि गणिताच्या शिक्षकांना खासगी विमानातून असंच नेलं. 'नासा'चं स्वतःचं विमान २०१४ नंतर या कामाला राहिलं नाही, पण अमेरिकेत खासगी विमानं आणि युरोपात फ्रान्समधल्या बोर्दोहून उडणारं एअरबस अशी उड्डाणं करतं.

शिक्षकाने स्वतः कशाला जायचं, असं कुणी म्हणेल. मीही अर्धवेळ शिकवते, म्हणून सांगते. पुस्तकातलं वाक्य वाचून दाखवणं वेगळं आणि 'मी हे केलं' म्हणून सांगणं वेगळं. मुलांना फरक लगेच कळतो.

याच विमानात क्रिस्टा मॅकऑलिफ तरंगली होती. न्यू हॅम्पशायरमधल्या कॉन्कॉर्डची ही शिक्षिका, वय ३७, दोन मुलांची आई. ११,००० हून अधिक शिक्षकांतून १९८५ मध्ये तिची निवड झाली. अंतराळातून ती मुलांना धडे देणार होती. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं आणि सातही जण गेले. पण धडे तिथेच संपले नाहीत. तिच्याबरोबर तयारी केलेली बार्बरा मॉर्गन २००७ मध्ये अंतराळात जाऊन आली. २०१८ मध्ये जो अकाबा आणि रिकी अर्नोल्ड या दोघा माजी शिक्षकांनी क्रिस्टाचे राहिलेले काही प्रयोग अंतराळ स्थानकात करून त्यांचं चित्रण शाळांसाठी पाठवलं. ३२ वर्षांनी का होईना, शिकवणीची बाकी फेडली गेली.

आपल्याला असं विमान कुठलं मिळायला! पण अर्धा सेकंद वजनरहित अवस्था आपल्या अंगणातही मिळते. एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली घ्या. बुडापासून दोन बोटं वर, बाजूला, गरम सुईने भोक पाडा. हे काम तुम्हीच करा, मुलांच्या हाती देऊ नका. भोकावर बोट ठेवून पाणी भरा, टोपण लावू नका. बोट काढलंत की धार लागेल. आता स्टुलावर उभ्या राहा आणि वाहत्या धारेसकट बाटली खालच्या बादलीत सोडा. मुलांना धारेकडे नीट बघायला सांगा. बाटली पडत असताना धार बंद! पाणी आणि बाटली बरोबरच पडतात, मग पाणी बाटलीला ढकलणार कसं? अंतराळवीर का तरंगतात, तेही यातच आलं.

दोन-तीनदा करून झालं की मुलांना विचारा, "हीच बाटली वर फेकली, तर वर जाताना धार वाहील का?" उत्तर सांगायची घाई करू नका. विमानाची कमान आठवली, तर तुम्हाला ते ठाऊक आहेच. अंगण थोडं भिजेल तर भिजू दे, मुलांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहू दे.