थकबाकीदार म्हणजे नालायक?

परंडा तालुक्यात सोसायटीची थकबाकी फार दिवस घरात राहत नाही. कोणी किती उचललं, कोणाचं थटलं, सगळं पारावर माहीत असतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीचं पाणी रानात शिरलं, हाताशी आलेली पिकं कुजली. पाऊस काही शेतकऱ्याला विचारून पडला नव्हता. तरी हप्ता थकलेला माणूस ‘आपल्याला शेती जमलीच नाही’ म्हणतो आणि भावकीतल्या लग्नाला जायचंही टाळतो. त्याला ‘आहेस तसा स्वतःला स्वीकार’ म्हणून बघा. ‘म्हणजे हातपाय गाळून बसू?’ असं तो विचारेल.

सगळ्यात पक्का गैरसमज हाच. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५५ पासून विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला. किशोर फडके यांनी तो मराठीत रुजवला. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी त्याच माणसावर आहे. या उपचारातल्या विनाअट स्वीकाराचा अर्थ एवढाच, की कृतीला खुशाल चूक म्हणा, अख्ख्या माणसावर शिक्का मारू नका. ‘पेरणी उशिरा झाली’, ‘सगळी मदार उसावर ठेवली’ ही वाक्यं तपासता येतात, पुढच्या हंगामात त्यावर काही करता येतं. ‘मी नालायक’ या वाक्याचं काय करणार? स्वतःला टोचून घेतलं की माणूस सुधारतो, असं आपल्याकडे घरोघरी मानतात. होतं उलटंच. पंचनाम्याला रानात उभं राहायचं असतं, कर्जाच्या पुनर्गठनाचं विचारायला बँकेची पायरी चढायची असते. तोंड लपवणाऱ्याकडून नेमकी हीच कामं राहतात.

दुसऱ्या टोकाला ‘मी लई भारी’ हाच स्वीकार समजणारे आहेत. एलिसना तेही मान्य नव्हतं. आत्मगौरव ही भ्रामक कल्पना आहे, हे सांगायला त्यांनी २००५ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिलं. उसाला चांगलं टनेज पडलं म्हणून जो स्वतःला शहाणा ठरवतो, तो उतारा घटला की स्वतःला मूर्ख ठरवणारच.

मग दुसऱ्याला स्वीकारायचं म्हणजे त्याला मोकळं सोडायचं का? अजिबात नाही. बेकायदा सावकारानं जमीन लिहून घेतली असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली सहकार खात्याच्या निबंधकाकडे तक्रार करावीच. त्यासाठी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची गरज नसते. (पारावर तो कार्यक्रम तक्रारीपेक्षा जास्त रंगतो, ही गोष्ट वेगळी.)

जीव द्यायला निघालेला माणूस भेकड, हा शेरा तर सर्रास ऐकू येतो. कायदा त्याबाबतीत गावापेक्षा समजूतदार निघाला. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं आणि त्याची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरते. मनावरचा ताण बोलून दाखवायला १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर आहे. तो चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि सातबारा कोरा आहे का, हे तिथं कोणी विचारत नाही.