पडण्याची व्यवस्था

तेलगावच्या चौकातून माजलगाव, वडवणी-बीड, सिरसाळा-परळी आणि धारूर असे चार रस्ते फुटतात. त्यातला धारूरचा रस्ता घाट चढतो. हा घाट म्हणजे बालाघाटाची उत्तरेकडची कड. हरिश्चंद्रगडाच्या बाजूने सह्याद्रीपासून निघालेली ही रांग ठेंगणी होत होत बीड, धाराशिव, लातूरपर्यंत येते. सह्याद्रीसारखे हजार-दीड हजार फुटांचे कडे इथे नाहीत. पण उघडा कातळ आहे, कपारी आहेत, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पंधरा मीटरची भिंत सहा सेकंदांच्या आसपास चढणाऱ्या मुली मोबाईलवर पाहिलेली तरुण मुलेही आहेत. घाटातून जाताना त्यांची नजर आता रस्त्याऐवजी कातळाकडे जाते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. कातळावर माणूस टिकतो कशाने, आणि निसटलाच तर वाचतो कशाने, हे आधी समजून घ्यावे. चढायचे त्यानंतर.

पहिली गोष्ट दगडाची. आपल्याकडे विहीर खणणाऱ्या कुठल्याही जाणत्या माणसाला विचारा, तो थर सांगेल: वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, त्याखाली काळा पाषाण, मध्येच एखादा गेरूचा पट्टा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला, त्याचे हे थर आहेत. विहिरीत जे वरून खाली दिसते तेच कड्यावर समोरून दिसते. काळा पाषाण घट्ट असतो. त्याच्या कडा धारदार आणि भरवशाच्या. मांजऱ्यात वायूच्या बुडबुड्यांनी भोके ठेवलेली असतात. बोटे घालायला ती सोयीची, पण दगड झिजलेला असेल तर खपली निघते. गेरूचा पट्टा पावसात झिजून आत जातो आणि वरचा थर छपरासारखा पुढे राहतो. चढताना सगळ्यात त्रास देणारी जागा बहुधा हीच. त्याच्या खालच्या कपारीत माती, वाळके गवत आणि घसारा साठलेला असतो.

म्हणून आपल्या दगडावर पहिला नियम: पकड आधी ठोकून पाहायची, मग धरायची. तळव्याने थापटल्यावर आवाज भरीव आला तर ठीक. पोकळ आला तर ती पकड सोडून द्यायची. सुटा दगड कधी बाहेर ओढायचा नाही. तो आपल्या हातात येतो आणि पुढच्या क्षणी खाली उभ्या असलेल्या सोबत्याच्या डोक्यावर जातो. हेल्मेट खाली उभ्या असलेल्यानेही घालायचे असते ते यासाठीच.

दुसरी गोष्ट शरीराची. नवशिका हाताने चढतो. वर पाहतो, मिळेल ती कड गच्च पकडतो आणि स्वतःला ओढून घेतो. पाच मिनिटांत त्याचे कोपराखालचे हात दगडासारखे होतात, बोटे उघडतात, तो सुटतो. स्नायू सतत आवळून धरला की त्याच्यातल्या रक्तवाहिन्याही दाबल्या जातात. ताजे रक्त पोचत नाही. ताकद कितीही असो, हे टळत नाही. उपाय पायांत आहे. मांडीचे स्नायू दिवसभर आपले वजन वाहतातच, त्यांनाच ते इथेही वाहू द्यायचे. नजर खाली ठेवायची, पाय कुठे ठेवायचा ते ठरवायचे, अंगठ्याच्या बाजूची कड टेकवायची आणि उभे राहायचे. हात सरळ ठेवायचे; कोपर वाकवून लटकण्यापेक्षा सरळ हाताने लटकण्यात कमी शक्ती जाते. कंबर दगडाजवळ राहिली की वजन पायांवर येते, मागे झुकली की बोटांवर. प्रस्तरारोहणाचे बूट घट्ट आणि मऊ रबराचे असतात, कारण दोन सेंटिमीटरच्या कडेवर रबर जितके चिकटेल तितके हाताचे काम हलके होते.

इथे एक सावधगिरी हवी. सरावाने स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, पण बोटांतल्या कंडरा आणि त्यांना हाडाशी धरून ठेवणाऱ्या पट्ट्या फार हळू बळावतात. उत्साह वाढतो तो नेमका या मधल्या काळात. रोज चढावेसे वाटते, चढताही येते, आणि एके दिवशी बोटाच्या मुळाशी ‘टक्’ असा आवाज येतो. मग कित्येक महिने घरी. सुरुवातीला एक दिवसाआड, तेही बोटांना बेताने, एवढे पुरे.

आता दोराकडे येऊ, कारण खरे विज्ञान तिथे आहे.

नवशिक्याला आधी शिकवतात ती वरून दोर सोडलेली चढाई. दोर कड्याच्या माथ्यावरच्या अँकरमधून, म्हणजे दगडात पक्क्या बसवलेल्या आधारातून, जातो. एक टोक चढणाऱ्याच्या हार्नेसला, म्हणजे कमरेच्या-मांड्यांच्या पट्ट्याला; दुसरे खाली उभ्या असलेल्या बिले देणाऱ्याच्या, म्हणजे दोर सांभाळणाऱ्याच्या, हातात. ही रचना आपल्या विहिरीवरच्या रहाटासारखीच. रहाटाच्या आडव्या लाकडावर फक्त पोहऱ्याचे वजन येत नाही, ओढणाऱ्या हाताचे ओढणेही येते. तसेच साठ किलोचा माणूस दोरावर लटकला की माथ्यावरच्या अँकरवर शंभर किलोच्या आसपास भार पडतो. म्हणून अँकर एकाच बोल्टवर कधी उभारत नाहीत. किमान दोन, आणि एक निखळला तरी दुसरा पूर्ण भार पेलेल असे. दोन बोल्टांपासून खाली येणाऱ्या पट्ट्यांमधला कोन लहान हवा. साठ अंशांच्या कोनात प्रत्येक बोल्टवर साधारण ५८ टक्के भार येतो. कोन १२० अंश झाला की प्रत्येकावर पूर्ण १०० टक्के. वाटणी केली म्हणून भार अर्धा झाला, असे होत नाही.

बिले देणाऱ्याचे काम बाहेरून कंटाळवाणे दिसते. त्याच्या कमरेला असलेल्या छोट्या उपकरणातून दोर वळसा घेऊन जातो. खालचा हात दोर मागे धरून ठेवतो आणि त्या वळशातल्या घर्षणामुळे एका हाताच्या पकडीने अख्खा माणूस थांबतो. अट एकच: तो ब्रेकचा हात दोरावरून क्षणभरही सुटता कामा नये. फोन वाजला तरी, मधमाशी आली तरी.

पुढचा टप्पा लीड चढाईचा. इथे दोर वरून आलेला नसतो; चढणारा तो खालून घेऊन जातो आणि वाटेतल्या प्रत्येक बोल्टमध्ये कॅराबिनरने (झडपेच्या धातूच्या कडीने) अडकवत जातो. शेवटच्या बोल्टच्या दोन मीटर वर असताना सुटला तर तो चार मीटर पडतो: दोन मीटर बोल्टपर्यंत, दोन त्याखाली. त्यावर दोराचा ताण. भीती वाटते ती उंचीची, पण धक्क्याचा जोर उंचीवर ठरत नाही. पडलेले अंतर भागिले मध्ये असलेल्या दोराची लांबी, या गुणोत्तरावर ठरतो. खाली वीस मीटर दोर असेल आणि पडणे चार मीटरचे, तर गुणोत्तर ०.२. इतका लांब दोर ताणला जाऊन धक्का पिऊन टाकतो. आता उलट पाहा. सह्याद्रीतल्या तैलबैलाच्या भिंतीसारख्या ठिकाणी सोबती अर्ध्या उंचीवर कपारीत बसून बिले देतो आहे, आणि तुम्ही त्याच्या तीन मीटर वर मध्ये काहीही न अडकवता सुटलात. पडणे सहा मीटर, दोर फक्त तीन मीटर, गुणोत्तर २. यापेक्षा वाईट धक्का या रचनेत नाही. म्हणूनच जाणकार कपारीतून निघताच पहिला आधार लगेच अडकवतात.

हा धक्का पिण्यासाठी दोर ताणला जावा लागतो. चढाईचा दोर नायलॉनचा, दोन भागांचा असतो: आत पिळलेल्या धाग्यांचा गाभा, बाहेर विणलेले आवरण. आंतरराष्ट्रीय चाचणीत त्याला ८० किलोचे वजन १.७७ गुणोत्तराने बांधून पाडतात. असे किमान पाच झटके त्याने सोसावे लागतात आणि पहिल्या झटक्याचा जोर १२ किलोन्यूटनच्या, म्हणजे सव्वा टनाच्या वजनाइतक्या भाराच्या, वर जाता कामा नये. शेतीच्या दुकानातला निळा-पिवळा प्लास्टिकचा दोर कडब्याचा ट्रॅक्टर बांधायला उत्तम. पण तो फारसा ताणला जात नाही, घासला की लवकर वितळतो, आणि पडणाऱ्याचा सगळा धक्का त्याच्याच कमरेवर देतो. चढाईचा चांगला दोरही बॅटरीच्या ॲसिडजवळ ठेवला तर वरून काही न दिसता आतून कुजतो. ट्रॅक्टरच्या डब्यात तो ठेवू नये.

चढण्यापूर्वीची तपासणी दोघांनी एकमेकांची करायची: हार्नेसचा बकल, आठच्या आकड्याची दुहेरी गाठ, बिलेचे उपकरण, कॅराबिनरचे लॉक. मुरलेले गिर्यारोहकही नेमके इथेच चुकतात, कारण त्यांना सवय झालेली असते.

रॅपलिंगला लोक चढाई समजतात. पावसाळी धबधब्यांवरच्या सहलींनी हा समज पक्का केला आहे. दोरावरून उतरणे हे कौशल्य वेगळे, आणि धोक्याचे, कारण तिथे सगळा भार अँकर आणि दोरावर असतो. दोराच्या टोकाला गाठ नसेल तर माणूस टोकावरून सरळ निघून जातो. आपल्याकडे आणखी एक संकट कड्यावरच लटकलेले असते: आग्या मोहोळ. खाली शेकोटी नको, अंगाला अत्तर नको, आणि मोहोळ दिसले तर त्या दिवशी तो मार्ग बंद.

हंगाम ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात बीडचा काळा कातळ हात लावू देत नाही. चढाईचा हा हिवाळी काळ नेमका उसाच्या गळिताचाही हंगाम. तेलगावच्या सोळंके कारखान्याकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावत असतात. घाटात कडेला गाडी लावून कातळ पाहत बसू नये, ही माझी कळकळीची सूचना.

धारूरच्या किल्ल्याच्या तटावर सराव करावा असे अनेकांना सुचते. आदिलशाही सरदार किश्वरखानाने १५६७ च्या सुमारास तो बांधला तोच मुळी दरीच्या कातळाचा आधार घेऊन. पण बांधलेल्या तटाचे चिरे सुटतात, आणि ऐतिहासिक वास्तूत मेखा ठोकणे हे नुकसान आहे. तिथे फिरावे, दरीच्या बाजूने थर पाहावेत, चढू नये. दोराशिवाय सराव करायचाच तर डोक्याइतक्या उंचीच्या मोठ्या शिळेवर आडवे सरकत जावे. पाय शिकायला त्याहून चांगली शाळा नाही.

दोराचे शिक्षण मात्र माणसाकडूनच घ्यावे लागते. मुंबईची ‘गिरिविहार’ १९५४ पासून आणि पुण्याची ‘गिरिप्रेमी’ १९८२ पासून हे काम करत आहेत. राज्यभरच्या संस्था अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाखाली एकत्र आल्या आहेत. पुढे हिमालयात जायचे असेल तर दार्जिलिंग आणि उत्तरकाशीच्या संस्थांचे सुमारे चार आठवड्यांचे प्राथमिक अभ्यासक्रम आहेत. जवळपास कोणी शिबिराची जाहिरात करत असेल तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखालची त्याची नोंदणी विचारा. दोर कोणत्या वर्षी बनलेला आहे तेही विचारा, आणि तो हातात घेऊन बघू द्या म्हणा. जो बघू देत नाही त्याच्या शिबिराला जाऊ नका.