चर्चासभा कशी उभी राहते

प्रत्येक गांवांत चार विचारी माणसें असतात. परंतु तीं एके ठिकाणीं बसून एखाद्या प्रश्नाचा शांतपणें निकाल लावीत आहेत, असें दृश्य क्वचितच दृष्टीस पडतें. सेवानिवृत्तीनंतर आमच्या अंबाजोगाईस अशी एक चर्चासभा उभारण्याचा उद्योग आम्हीं आरंभिला. त्यांत आमच्या हातून एक प्रमाद घडला. त्याची हकीकत व त्यापासून मिळालेला धडा सुज्ञ वाचकांपुढें ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

अशा सभांची परंपरा आपल्याकडे नवी नव्हे. मुंबईस १८४८ सालीं ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन झाली व तिच्या ज्ञानप्रसारक सभांतून देशी भाषांत निबंध वाचले जाऊं लागले. पुण्यास न्यायमूर्ति रानडे यांनीं १८७५ सालीं वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आमच्या मराठवाड्याची गोष्ट मात्र निराळी. निजामी अमदानींत ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमानें जाहीर सभेस सरकारी परवानगीची अट घातलेली होती. अंबाजोगाईस तेव्हां मोमिनाबाद म्हणत. स्वामी रामानंद तीर्थ १९३५ सालीं येथील शाळेचे मुख्याध्यापक झाले. १९३७ सालीं परतूर येथें महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. हें सर्व त्याच बंधनांच्या छायेंत. १९४८ च्या सप्टेंबरांत तो अंमल संपला. जें स्वातंत्र्य मिळविण्यांत वडिलांची पिढी झिजली, तें आम्हांस आयतें मिळालें. आयत्या मिळालेल्या वस्तूचा आपण काय उपयोग केला, हा प्रश्न आम्हांस बरेच दिवस बोचत होता.

आरंभ अगदीं साधा होता. आमच्याच घराची ओसरी, एक सतरंजी, एक वही आणि सात सभासद. त्यांतील पांच सेवानिवृत्त शिक्षक! पहिल्या दोन बैठकींत प्रत्येकानें व्याख्यान दिलें व दुसऱ्याचें व्याख्यान संपण्याची वाट पाहिली. ह्यास चर्चा म्हणावें तरी कसें?

तिसऱ्या बैठकीस विषय घेतला ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाचा. आमच्या बीड जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें मुकादमाकडून उचल घेऊन ऊस तोडावयास पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, आणि मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. अज्ञानामुळें आईबाप मुलांस बरोबर नेतात, असें आम्हीं ठासून प्रतिपादन केलें. त्या दिवशीं एक तरुण प्रथमच आला होता. तो किराणा दुकानांत नोकरीस असून त्याचे आईबाप दरवर्षी फडावर जात. तो संकोचत म्हणाला, “गुरुजी, शाळा गांवातच राहते, आईबाप राहत नाहीत.” आम्हीं तत्काळ उत्तरलों, “तर मग शाळेनेंच डोक्यावर मोळी घेऊन त्यांच्यामागें जावें काय?” सर्व मंडळी हंसली. तो तरुण पुढील दोन बैठकींस आला नाहीं.

आमचा विनोद क्रूर तर होताच, पण पोकळही होता. कारण साखरशाळांच्या रूपानें शाळा खरोखरच उसाच्या फडांपर्यंत गेल्या होत्या, व हें आम्हांस ठाऊक होतें. त्या रात्रीं न्यायसूत्रें पुनः उघडलीं. गौतमानें संवादाचे वाद, जल्प व वितंडा असे तीन प्रकार केले आहेत. तत्त्वनिर्णयासाठीं चालतो तो वाद. जिंकण्यासाठीं छलादि उपायांनीं चालतो तो जल्प. स्वतःचा पक्ष न मांडतां दुसऱ्याचा केवळ मोडावयाचा ती वितंडा. विद्यार्थ्यांकडून ह्या व्याख्या आम्हीं वर्षानुवर्षें घोकून घेतल्या होत्या. आणि आम्हीं केला तो शुद्ध छल! गौतमानें पराजयाचीं बावीस निग्रहस्थानें सांगितलीं आहेत. त्यांत ‘अननुभाषण’ नांवाचें एक आहे : सभेस कळलेलें व तीनदां सांगितलेलें प्रतिपक्ष्याचें म्हणणें ज्यास उच्चारून दाखवितां येत नाहीं, तो हरला.

दुसऱ्या दिवशीं आम्ही त्या तरुणाच्या घरीं गेलों व क्षमा मागितली. तो लाजून म्हणाला, “असूं द्या गुरुजी, तुम्ही मोठे.” परंतु तो पुढील बैठकीस आला. तेथें सर्वांसमक्ष त्याचें म्हणणें आमच्या शब्दांत सांगण्याचा आम्हीं यत्न केला. “आईबापांस शाळेचें महत्त्व कळत नाहीं, असें—” त्यानें मान हलविली. “पैशासाठीं मुलांचे श्रम हवे असतात, असें—” पुनः मान हलली. शेवटीं तोच म्हणाला, “लेकरू मागं ठेवायचं तर घरी म्हातारं माणूस लागतं, गुरुजी. ज्याची आजी वारली, त्यानं लेकरू कुणापाशी ठेवावं?” आतां प्रश्नच पालटला. आईबापांस उपदेश कोणी करावा हें बाजूस राहिलें. सहा महिने आजीची जागा कोणी घ्यावी, हें पुढें आलें.

तेव्हांपासून सभेचे नियम तीनच. ज्यास उत्तर द्यावयाचें, त्याचें म्हणणें त्याला मान्य होईल असें आधीं सांगावें. विषय सोडूं नये, म्हणजे ‘अर्थांतर’ करूं नये. आणि सभेंत लहानथोर सर्वांनीं एकमेकांस ‘आपण’ म्हणावें. हा तिसरा नियम आम्हां वडीलधाऱ्यांसच अधिक जड गेला. अध्यक्ष दर वेळीं नवा असतो, आणि चिटणीस वहींत प्रथम पूर्वपक्ष लिहितो. वक्ते थोडे कमी झाले, पण ऐकणारे वाढले. गेल्या हंगामांत त्या तरुणाच्या आळींतील दोन मुलें गांवींच एका नातलगाकडे राहिलीं. त्यांचें सायंकाळचें जेवण व अभ्यास सभासदांच्या घरीं पाळीपाळीनें झाला. दोन मुलें म्हणजे फार नव्हेत, हें आम्ही जाणतों. परंतु व्याख्यानें देत बसलों असतों, तर तींही राहिलीं नसतीं.

वाचकांपैकीं कोणास आपल्या गांवीं अशी सभा काढण्याची इच्छा असेल, तर मोठ्या दिवाणखान्याची वा नामांकित वक्त्याची वाट पाहूं नये. पांच माणसें, एक वही व एक सतरंजी पुरे. मात्र त्या सतरंजीवर, ज्याच्याविषयीं आपण बोलणार, तोही बसलेला असावा.