सी. आय. ई. ते ओ. बी. ई.

पोर्ट्समथ शहराचे बोधवाक्य आहे ‘स्वर्गीय प्रकाश आमचा मार्गदर्शक’. हेच वाक्य ‘स्टार ऑफ इंडिया’ या किताबावर कोरलेले असे.

१८५७ च्या उठावानंतर संस्थानिकांना राजनिष्ठेत बांधण्यासाठी व्हिक्टोरिया राणीने १८६१ मध्ये तो सुरू केला. पहिल्या मानकऱ्यांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे होते. हिंदू-मुसलमानांना चालावे म्हणून पदकावर क्रूस नव्हता. पाच टोकांचा तारा होता, फीत फिकट निळी, पांढऱ्या काठांची. सर्वोच्च श्रेणीच्या ‘ग्रँड क्रॉस’ या नेहमीच्या नावाऐवजीही ‘ग्रँड कमांडर’ म्हटले. इंजिनियरच्या नजरेने पाहता, वापरणाऱ्याचा इतका विचार केलेली रचना विरळाच!

१८७८ मध्ये त्याखालचा ‘इंडियन एम्पायर’ किताब निघाला. त्यातली सी. आय. ई. ही पदवी न्यायमूर्ती रानड्यांना मिळाली. १९०४ मध्ये गोखल्यांनीही ती स्वीकारली. मात्र १९१४ मध्ये ‘सर’ होण्यास त्यांनी नकार दिला. १९४८ नंतर हे दोन्ही किताब कोणालाच दिले गेले नाहीत.

आज आपल्यापैकी कोणाला ओ. बी. ई. मिळाला की आपण पेढे वाटतो. जरूर वाटावेत. पण त्यातले ‘बी. ई.’ म्हणजे ‘ब्रिटिश एम्पायर’च. स्वीकार आणि नकार, दोन्ही गोखल्यांचेच. आपण निदान विचार करून ठरवावे.